तीन स्क्रीनशॉट, मुनिमांचा मोबाईल आणि ताब्याचा प्रश्न

भातखाचर (धागाकर्ता):

नमस्कार. देवगड तालुक्यात आमचा आंब्याचा रस डबाबंद करण्याचा, घरगुती म्हणावा इतका लहान कारखाना आहे. काका, मी आणि धाकटा भाऊ असे तीन भागीदार आहोत. २०२३ च्या हंगामात नवी मुंबईतील एका व्यापाऱ्याला आम्ही ३.१ किलोचे आणि ८५० ग्रॅमचे डबे पाठवले, त्यांपैकी सुमारे ११ लाख रुपये येणे राहिले. नोटीस आणि दाव्यापूर्वीची मध्यस्थी हे सोपस्कार उरकून आम्ही २०२५ मध्ये ओरोसला वसुलीचा दावा लावला. प्रतिवादीचे कैफियतीत म्हणणे असे आहे की काही डबे फुगलेले निघाले, म्हणून आमच्या मुनिमांनी व्हॉट्सअ‍ॅपवर दर कमी करण्यास संमती दिली. त्याने आधारासाठी तीन स्क्रीनशॉट जोडले आहेत.

ते स्क्रीनशॉट बनावट आहेत असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. मुनीमकाका सांगतात की त्या संदेशांच्या मध्ये त्यांनी 'मालकांना विचारल्याशिवाय पक्के धरू नका' असा आवाजी निरोप धाडला होता आणि नेमका तोच गाळला आहे. अडचण अशी की मुनीमकाका गेल्या वर्षी नोकरी सोडून गोव्याला लेकाकडे गेले. मोबाईल त्यांचा, सिमकार्ड त्यांचे, फक्त रिचार्ज आम्ही भरत होतो. टॅलीचा हिशेब कारखान्यातील संगणकावर आहे, पण त्याची प्रत पुण्याला शिकणाऱ्या पुतण्याच्या गूगल खात्यात जाते. डब्यांचे फोटो टेम्पोवाल्याने काढून आमच्या काकांना पाठवले होते. वकिलांनी 'तुमच्या ताब्यातील सर्व इलेक्ट्रॉनिक कागदपत्रांची पुरवणी यादी द्या' असे सांगितले, तेव्हा लक्षात आले की यांतले आमच्या ताब्यात नेमके काय आहे हेच आम्हाला ठरवता येत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

ओरोसची पायरी:

मी याच न्यायालयात दिवाणी कामे चालवतो, त्यामुळे आपल्या प्रकरणाच्या गुणदोषांवर न बोलता केवळ कायद्याची चौकट सांगतो. व्यापारी स्वरूपाच्या वादाचे मूल्य ३ लाख रुपये किंवा त्याहून अधिक असेल तर त्याला व्यावसायिक न्यायालये अधिनियम, २०१५ लागू होतो. (मूळ मर्यादा १ कोटीची होती, ती २०१८ मध्ये खाली आणली.) या कायद्याने अशा दाव्यांपुरता दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ११ पूर्णपणे बदलला आहे. जुन्या आदेशाप्रमाणे समोरच्याकडे कागद असल्याचा संशय आला की आपण अर्ज करायचा, मग त्याने शपथपत्र करायचे, असा क्रम होता. नव्या आदेशाप्रमाणे दावा दाखल करतानाच वादीने वादविषयाशी संबंधित सर्व दस्तऐवज उघड करायचे असतात, मग ते त्याच्या बाजूचे असोत की विरुद्ध. हे कर्तव्य दावा निकाली निघेपर्यंत चालू राहते, आणि जे आधी उघड केले नाही त्याचा आधार घ्यायचा झाल्यास वाजवी कारण दाखवून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते.

आता आपला मूळ प्रश्न. नियमात केवळ 'ताबा' हा एकच शब्द नाही, अधिकार, कबजा, नियंत्रण आणि ताबा असे चार शब्द आहेत. पुतण्याच्या खात्यातील हिशेबाची प्रत मागताच मिळते, म्हणजे ती तुमच्या नियंत्रणात आहे. काका स्वतः भागीदार असल्याने त्यांच्या मोबाईलमधील फोटो सरळ तुमचेच आहेत. मुनिमांचा मोबाईल मात्र सीमेवर आहे. ते नोकरीत असताना कारखान्याच्या कामासाठी तो वापरत होते आणि त्याचा खर्च तुम्ही करत होता, याचा आधार घेऊन प्रतिवादी नक्की म्हणेल की तो तुमच्या नियंत्रणात होता. माझा सल्ला असा की त्याची नोंद यादीत करावी, तो कोणाकडे आहे तेही लिहावे, आणि आपण तो मागितला होता हे दाखवणारे पत्र जोडावे. लपवले असे दिसण्यापेक्षा मागूनही मिळाले नाही असे दिसणे शतपटीने बरे.

जांभा:

मी न्यायालयाच्या कार्यालयात बत्तीस वर्षे काढली. पूर्वी पुरावा म्हणून सीडी येई, ती पाकिटात घालून पाकिटावर निशाणी क्रमांक टाकून कपाटात ठेवली जाई, आणि सहा-सात वर्षांनी उलटतपासाच्या दिवशी पाकीट फोडले की आपल्या दमट हवेने त्या तबकडीवर नकाशे उमटलेले असत. चकतीवर काय होते ते मग साक्षीदाराच्या तोंडूनच ऐकायचे.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत कोणत्या उपकरणातून कशी काढली हे लिहून देणाऱ्या प्रमाणपत्राचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्याचा निर्णायक टप्पा आपल्याच राज्यातला आहे. जुन्या साक्ष्य अधिनियमात ६५ ब हे कलम माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० बरोबर आले. २००५ मध्ये संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्राशिवायही अन्य मार्गाने पुरावा देता येईल असे म्हटले. २०१४ मध्ये अन्वर विरुद्ध बशीर या निकालाने ते मत रद्द ठरवले आणि प्रमाणपत्र अनिवार्य केले. २०१८ मध्ये दोन न्यायाधीशांच्या पीठाने ते पुन्हा सैल केले. अखेर १४ जुलै २०२० रोजी अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या निकालात तीन न्यायाधीशांच्या पीठाने अन्वरचेच मत कायम केले. वाद जालना विधानसभा मतदारसंघाचा होता. २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी ३ वाजण्याच्या आत दाखल झाला की नंतर, हे निवडणूक कार्यालयातील चित्रीकरणावरून ठरवायचे होते, आणि पुन्हा पुन्हा मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिले नाही.

त्या निकालातून धागाकर्त्यांना उपयोगी पडतील अशा दोन गोष्टी निघतात. मूळ उपकरणच त्याचा मालक साक्षीच्या पिंजऱ्यात घेऊन आला आणि ते आपले आहे व आपणच वापरतो असे त्याने सांगितले, तर प्रमाणपत्राची गरज उरत नाही. आणि प्रमाणपत्र दुसऱ्याच्या हातात असून तो देत नसेल, तर न्यायालयाकडे अर्ज करून त्याला आदेश द्यायला लावता येते. सर्व प्रयत्न करूनही मिळाले नाही तर अशक्य गोष्टीची सक्ती कायदा करत नाही.

एक अनाहूत टिपण. मोबाईल न्यायालयात जमा करण्याचा आग्रह धरण्याआधी दहा वेळा विचार करावा. बंद कपाटात दोन पावसाळे काढलेल्या मोबाईलची बॅटरी फुगते. फुगलेल्या डब्यांच्या दाव्यात फुगलेला मोबाईल पुढे आला तर पीठासीन अधिकारीही हसतील.

ओरोसची पायरी:

जांभासाहेबांनी दिलेला इतिहास बिनचूक आहे. फक्त एवढे जोडतो की १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला. त्या दिवशी प्रलंबित असलेली प्रकरणे जुन्या कायद्याने चालतील आणि आपला दावा २०२५ चा असल्याने त्याला नवे कलम ६३ लागेल. त्यातील प्रमाणपत्राला परिशिष्टात ठरावीक नमुना दिला असून त्याचे दोन भाग आहेत. भाग 'अ' उपकरण ज्याच्या हाताखाली आहे त्याने भरायचा आणि भाग 'ब' तज्ज्ञाने. दोन्हींत नोंदीची हॅश व्हॅल्यू (फाईलवरून गणिताने काढलेला तिचा ठसा) आणि ती कोणत्या पद्धतीने काढली ते लिहायचे असते. हा 'तज्ज्ञ' म्हणजे माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ७९ अ खाली अधिसूचित झालेला परीक्षकच हवा, की या विषयाचे ज्ञान असलेली कोणीही व्यक्ती चालेल, यावर वकीलवर्गात बराच खल चालू आहे. तालुक्याच्या ठिकाणी त्याची झळ अधिक बसते, कारण भाग 'ब' वर सही करण्यास तयार असणारा माणूस शोधण्यातच दोन तारखा जातात.

सोलकढी:

तो माणूस म्हणून लोक माझ्याकडे येतात, त्यामुळे लिहिणे भाग आहे. कुडाळात माझे संगणक आणि मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे. गेल्या वर्षभरात पाच-सहा जण स्क्रीनशॉटची छापील प्रत आणि कोरा भाग 'ब' घेऊन आले आणि 'येवढी सही कर रे' म्हणाले. मी प्रत्येकाला नम्रपणे परत पाठवले. छापील कागदाची हॅश कशी काढणार? हॅश ही फाईलची काढायची असते, आणि ती मी स्वतः त्या उपकरणातून उतरवून घेतली असेल तरच मला तिच्याखाली सही करता येईल.

धागाकर्त्यांसाठी महत्त्वाचे असे की हॅशकडून नको ती अपेक्षा ठेवू नये. व्हॉट्सअ‍ॅपमधील संभाषण एक्स्पोर्ट केल्यावर जी मजकुराची फाईल तयार होते तिची एसएचए-२५६ पद्धतीने हॅश काढली, तर त्या क्षणानंतर फाईलमध्ये एक स्वल्पविराम जरी बदलला तरी कळून येते. परंतु एक्स्पोर्ट करण्याआधी मधला एखादा संदेश 'फक्त माझ्यासाठी' पुसला असेल, तर हॅश त्याबद्दल काहीही सांगत नाही. ती प्रत नंतर बदलली नाही एवढीच ग्वाही देते, प्रत पूर्ण होती याची देत नाही. आपला वाद नेमका पूर्णतेचा आहे. तेव्हा दोन्ही बाजूंचे मोबाईल शेजारी ठेवून तुलना करणे हाच त्यावरचा खरा उपाय आहे, कारण एका बाजूने पुसलेला संदेश दुसऱ्या बाजूला शिल्लक असू शकतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या कंपनीकडे मागण्यात अर्थ नाही. संदेश पोहोचल्यावर त्यांच्या सर्व्हरवर तो राहत नाही, आणि वाटेत असतानाही तो त्यांना वाचता येत नाही.

टेम्पोवाल्याचे फोटो काकांच्या मोबाईलवर व्हॉट्सअ‍ॅपने आले असतील तर ते आकुंचित प्रती आहेत, आणि मूळ फोटोत असलेली वेळ, जागा, कॅमेरा ही माहिती त्यांतून गेलेली असते. टेम्पोवाल्याचा जुना मोबाईल मिळतो का ते आधी बघा. तोपर्यंत कोणीही मोबाईल रिसेट करू नये, विकू नये, ॲप काढून पुन्हा घालू नये. संभाषणात आपोआप पुसले जाणारे संदेश सुरू असतील तर ते तत्काळ बंद करावेत, कारण ती मुदत २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस यांपैकी असते आणि तारीख मात्र तीन महिन्यांनी पडते.

खाडीपलीकडे:

मी मूळचा वेंगुर्ल्याचा, सध्या मुंबईत चाकरमानी. अमेरिकेतील दाव्यांसाठी लाखो ईमेल वाचून छाननी करणाऱ्या एका कार्यालयात नोकरी करतो, म्हणून तिकडची तुलना देतो. तिथे हा विषय झुबुलेक विरुद्ध यूबीएस वॉरबर्ग या प्रकरणाने गाजला. भेदभावाची तक्रार करणाऱ्या एका महिला कर्मचाऱ्याने कंपनीचे ईमेल मागितले, त्यांतले बरेच केवळ बॅकअपच्या फितींवर होते आणि काही पुसलेले निघाले. न्यायाधीश शिरा शेंडलिन यांनी २००३-०४ मध्ये दिलेल्या आदेशांत असे मांडले की वाद होणार याची चाहूल लागताच नेहमीची पुसापुशी थांबवणे पक्षकाराचे काम आहे, आणि त्यावर लक्ष ठेवणे वकिलाचेही काम आहे. २००५ मध्ये ज्यूरीने त्या महिलेला २९० लाख डॉलरच्या वर रक्कम दिली. पुढे २००६ मध्ये तिथल्या संघीय दिवाणी नियमांत इलेक्ट्रॉनिक माहितीचा स्वतंत्र उल्लेख आला आणि २०१५ मध्ये नियम ३७(ई) बदलून असे केले की समोरच्याला वंचित ठेवण्याच्या हेतूने माहिती नष्ट केली असेल तरच कडक परिणाम व्हावेत.

आमच्याकडे आता छाननीचे बरेचसे काम यंत्राला शिकवून करून घेतात. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने त्याला मान्यता दिली. पण ते यंत्र देवगडच्या संभाषणापुढे हात टेकेल. आपल्याकडे 'दर', 'भाव', 'रेट' हे तिन्ही शब्द एकाच माणसाच्या लिहिण्यात येतात. तेच शब्द रोमन लिपीत लिहिले की प्रत्येकाचे वळण निराळे, आणि मालवणीतले 'व्हया', 'नको रे', 'बगूया' हे होकार, नकार की टोलवाटोलवी, ते आवाजाच्या हेलावर ठरते. 'बारा' म्हणजे १२ पेट्या, १२ रुपये की १२०० रुपये हे फक्त बोलणाऱ्या दोघांना ठाऊक. शब्द देऊन शोध घेतला तर निम्मे हाती लागणार नाही. व्यवहाराच्या त्या पंधरवड्यातील सगळे संभाषण माणसाने बसून वाचणे हेच तुमच्या बाबतीत स्वस्त आणि खात्रीचे ठरेल.

आणि आवाजी निरोप! त्यांचे लेखी रूपांतर कोण करणार, तो मालवणी जाणणारा असेल का, हा प्रश्न वकिलांना आत्ताच विचारून ठेवा.

कुळीथ:

टॅलीविषयी हिशेबनीस म्हणून दोन वाक्ये. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारेच हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक आहे, भागीदारी संस्थांना ते नाही. तुम्ही एडिट लॉग नसलेली आवृत्ती वापरत असाल तर मागील तारखेची नोंद नंतर घातली नाही हे दाखवण्यासाठी पुतण्याच्या खात्यातील त्या-त्या महिन्याच्या जुन्या प्रतीच उपयोगी पडतील, म्हणून त्या उघडून बसू नका, जशा आहेत तशा राहू द्या. बँकेचा उतारा घेताना बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट, १८९१ च्या कलम २ अ चे प्रमाणपत्र शाखेकडून मागून घ्या. ते सहज मिळते.

पागोळी:

सगळे सल्ले वाचले आणि एक गोष्ट खटकली. मुनीमकाका आता आपले नोकर नाहीत. त्यांच्या मोबाईलमध्ये त्यांच्या घरच्यांचे संदेश असतील, औषधांच्या चिठ्ठ्या असतील, सुनेशी झालेले वाद असतील. दोन व्यापाऱ्यांच्या ११ लाखांसाठी त्यांनी तो सगळा संसार कोर्टासमोर उघडा करावा ही अपेक्षा मला योग्य वाटत नाही. त्यांच्या जागी माझे वडील असते तर मी मोबाईल देऊ दिला नसता.

ओरोसची पायरी:

ताई, आपली हरकत योग्य आहे आणि न्यायालयेही तिचा विचार करतात. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात कायदेशीर हक्क बजावण्यासाठी आवश्यक असलेल्या वापराला सूट दिली असली, तरी ती सूट म्हणजे कोणाचाही मोबाईल चाळण्याचा परवाना नव्हे. मुनीम हे त्रयस्थ आहेत. त्यांना साक्षीदार म्हणून समन्स काढून ठरावीक दस्तऐवज हजर करण्यास सांगता येते, किंवा आदेश २६ नियम १० अ खाली वैज्ञानिक तपासणीसाठी आयुक्त नेमून घेता येतो. अशा अर्जात मी नेहमी एकच दूरध्वनी क्रमांक, एकच कालावधी आणि आयुक्ताने बाकी काहीही न उतरवण्याची अट लिहितो. मर्यादा जितकी नेमकी, तितका अर्ज मंजूर होण्याचा संभव अधिक.

प्रतिवादीच्या बाबतीत मात्र असा संकोच बाळगण्याचे कारण नाही. त्याने स्वतःच तीन स्क्रीनशॉटचा आधार घेतला आहे, तेव्हा त्या कालावधीचे संपूर्ण संभाषण हजर करण्याचा अर्ज करावा. याच आदेश ११ च्या नियम ६ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद छापील स्वरूपात दिली तरी चालते, परंतु ती कोणी, कशी, कोणत्या उपकरणातून काढली याची शपथेवर घोषणा करावी लागते, आणि गरज वाटल्यास न्यायालय मेटाडेटा (फाईलविषयीचा तपशील) किंवा लॉग (उपकरणातील नोंदी) मागवू शकते. हाताशी असूनही दिले नाही, तर ते त्याच्या विरुद्ध गेले असते असे अनुमान काढण्यास नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११९ चे उदाहरण (छ), म्हणजे जुन्या कलम ११४ चे प्रसिद्ध उदाहरण, मोकळे आहे. व्हॉट्सअ‍ॅप संदेशांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अंबालाल साराभाई प्रकरणात म्हटले आहे की ते तोंडी संभाषणासारखे असून त्यांचा अर्थ पुराव्याने सिद्ध करावा लागतो, म्हणून तीन स्क्रीनशॉट दिसले की सगळे संपले असे मानू नये.

भातखाचर (धागाकर्ता):

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण मध्ये मडगावला जाऊन आलो.

मुनीमकाकांनी मोबाईल पुढे केला, आणि पागोळीताईंचे म्हणणे मी त्यांना वाचून दाखवल्यावर हसून सुनेला बोलावून घेतले. तिच्यासमोरच फक्त त्या व्यापाऱ्याचे संभाषण उघडले. घोळ असा निघाला की २०२४ मध्ये त्यांनी मोबाईल बदलला. बॅकअपमधून मजकूर आला, पण आवाजी निरोपांच्या जागी फाईल उपलब्ध नसल्याची खूण आहे. त्यांनी निरोप पाठवल्याची तारीख आणि वेळ दिसते, आणि ती प्रतिवादीच्या पहिल्या व दुसऱ्या स्क्रीनशॉटच्या मधोमध येते. आवाज मात्र नाही. जुना मोबाईल दुकानात बदली देऊन टाकलेला. त्या दिवसांत दोघांचे फोन झाले होते, पण कंपन्यांना कॉलचा तपशील दोनच वर्षे ठेवावा लागतो आणि ती मुदत आम्ही दावा लावण्याच्या धांदलीतच उलटून गेली.

दुसरी गोष्ट लिहायला जड जाते. काकांच्या मोबाईलवर, फुगलेल्या डब्यांच्या फोटोंखाली, व्यापाऱ्याने 'मग हे वजा धरू ना' असे लिहिले आहे आणि काकांनी त्यावर अंगठ्याचे चित्र टाकले आहे. काका म्हणतात, फोटो मिळाले एवढेच त्या अंगठ्याने सांगायचे होते. भावाचे म्हणणे होते की प्रतिवादीने हे जोडलेले नाही, तर आपण कशाला जोडायचे. वकिलांनी नियमाचे शब्द वाचून दाखवल्यावर तो गप्प झाला.

पुरवणी यादी तयार झाली आहे. तिच्यात मुनीमकाकांचे संभाषण आवाजी निरोपांच्या रिकाम्या जागांसह आहे, काकांचा अंगठाही आहे, आणि सोबत प्रतिवादीच्या मोबाईलमधील ते निरोप हजर करण्याचा अर्ज आहे. सोलकढी यांनी कारखान्यात येऊन काकांच्या मोबाईलमधील संभाषण स्वतः उतरवून घेतले आणि भाग 'ब' वर सही करण्याचे मान्य केले आहे. आता त्यांच्या पात्रतेवर प्रतिवादी हरकत घेईल असे वकिलांना वाटते. पुढची तारीख दहा दिवसांवर आहे.

सोलकढी:

हरकत घेतली तर उलटतपासाला मी येईन. फक्त गणपतीच्या आठवड्यात तारीख पडू देऊ नका.